पाटी बाहेरची, माल आतला: डॉट ट्रिपल-एक्सवर विसंबण्याआधी

प्रौढांसाठीची सगळी संकेतस्थळं डॉट ट्रिपल-एक्ससारख्या एकाच एक्स्टेन्शनखाली, म्हणजे पत्त्याच्या एकाच शेवटाखाली आणा, ते एक्स्टेन्शन अडवा, प्रश्न मिटला. शाळेच्या पालकसभेत किंवा वाचनालयाच्या वायफायचा विषय निघाला की ही सूचना हमखास येते. ऐकायला सरळ वाटते, म्हणून पटते. पण इंटरनेटवरची नावं ज्या पद्धतीने चालतात, त्या पद्धतीत ही सूचना बसतच नाही. तिच्या भरवशावर राहिलेली शाळा मुलांना संरक्षण देत नाही. एखादी संस्था नको ती नावं विकत घेत बसते आणि स्वतःचं खरं नाव मात्र हातचं घालवते.

पुढची माहिती संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांसाठी, शाळा-वाचनालयाचं नेटवर्क बघणाऱ्यांसाठी आणि घरी राउटरला हात लावायची तयारी असलेल्या पालकांसाठी आहे. पत्ते आणि कोड इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे.

नाव कुणाच्या ताब्यात असतं

डोमेन नाव म्हणजे डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या यादीतली, एक नोंद: डावीकडे नाव, उजवीकडे आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता. ज्याने नाव घेतलं तो ही नोंद लिहितो. उजवीकडे तो ज्या सर्व्हरचा आयपी लिहील, त्या सर्व्हरच्या मालकाला कुणी विचारत नाही. मालकाला कळतही नाही.

इथेच सगळी कल्पना ढासळते. कुणीही एखादं डॉट ट्रिपल-एक्स नाव घेऊन ते तुमच्या शाळेच्या सर्व्हरकडे वळवू शकतो. उलट, डॉट ट्रिपल-एक्सवर जे आहे तेच जसंच्या तसं डॉट कॉम, डॉट नेट किंवा एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या नावाखाली त्याच क्षणी उपलब्ध असू शकतं. सर्व्हर एक, फाइल एक, नावं वीस. 'हा मजकूर याच नावाखाली असला पाहिजे' असा नियम केला, तरी मजकुराच्या मालकाला तो पुरता पाळता येत नाही, कारण त्याच्याकडे येणारी सगळी नावं त्याची नसतात. शिवाय अनेक संकेतस्थळं नुसत्या आयपीवरूनही उघडतात, तेव्हा नावाचा प्रश्नच येत नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आरएफसी मालिकेत क्रमांक ३६७५ प्रसिद्ध झाला. लिहिणारे डोनाल्ड ईस्टलेक. प्रौढ मजकुरासाठी वेगळं एक्स्टेन्शन धोक्याचं का, हाच त्याचा विषय. त्यातला नावांबद्दलचा युक्तिवाद आजही तसाच लागू आहे, कारण डीएनएसचा हा पाया बदललेला नाही.

आधी आपला सर्व्हर तपासा

परक्या नावाने तुमचं संकेतस्थळ उघडतं का, हे दहा मिनिटांत कळतं आणि त्यासाठी कुठलंही नाव विकत घ्यावं लागत नाही.

विंडोजवर नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि त्यात सिस्टिम३२ फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांतली 'होस्ट्स' नावाची फाइल उघडा. लिनक्सवर ती थेट ईटीसी फोल्डरमध्ये असते. शेवटी एक ओळ टाका: आधी तुमच्या सर्व्हरचा आयपी, मग एक जागा, मग मनाने रचलेलं कुठलंही नाव. फाइल सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये ते नाव एचटीटीपीने उघडा, मग एचटीटीपीएसने. एचटीटीपीएसला प्रमाणपत्राची सूचना येईल, ती यायलाच हवी. ती ओलांडून पुढे जा आणि काय दिसतं ते बघा.

शाळेचं मुखपृष्ठ दिसलं, तर तुमचा सर्व्हर कुठल्याही नावाला दार उघडतो. वर्डप्रेस बहुतेक वेळा परक्या नावावरून तुमच्या खऱ्या नावाकडे पाठवून देतं. पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळाच होतो: अश्लील नाव टाकलं आणि शाळेचं पान उघडलं. तपासणी झाली की ती ओळ काढून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्हीच गोंधळाल.

दार बंद करायचं ते असं. एनजिनएक्स आणि अपाची ही संकेतस्थळ चालवणारी सॉफ्टवेअर. एनजिनएक्समध्ये एक वेगळा सर्व्हर ब्लॉक करा, त्याला डिफॉल्ट सर्व्हर ठरवा आणि त्यातून ४४४ हा कोड परत करा. जोडणी उत्तर न देता तुटते. एचटीटीपीएससाठी त्याच ब्लॉकमध्ये 'एसएसएल रिजेक्ट हँडशेक' चालू करा, आवृत्ती १.१९.४ पासून ही सोय आहे. अपाचीमध्ये फाइलींच्या क्रमाने जो व्हर्च्युअल होस्ट पहिला येतो तो आपोआप डिफॉल्ट होतो. म्हणून रिकामा, नकार देणारा होस्ट सगळ्यात आधी ठेवा. फाइलीचं नाव तीन शून्यांनी सुरू केलं की तो वर येतो. नेहमीची चूक म्हणजे ८० क्रमांकाच्या, एचटीटीपीच्या पोर्टवर हे करायचं आणि एचटीटीपीएसचं ४४३ विसरायचं. शेअर्ड होस्टिंग असेल तर हे तुमच्या हातात नसतं. होस्टिंगवाल्याला लेखी विचारा की अनोळखी नावाने आलेल्या विनंतीला सर्व्हर काय दाखवतो.

याने एक गोष्ट मात्र थांबत नाही. परक्याने स्वतःच्या सर्व्हरवरून तुमच्या खऱ्या पत्त्याकडे रीडायरेक्ट लावलं, तर तुमच्याकडे येणारी विनंती अगदी नेहमीसारखी दिसते. त्याला तांत्रिक उपाय नाही. तशी तक्रार आली तर त्या नावाच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीकडे, गैरवापराची तक्रार करायची, एवढंच हाती असतं.

नाव वाचून मजकूर ओळखायला गेलं की काय होतं

अरकाइव्ह हे शोधनिबंधांचं मुक्त भांडार १९९१ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. कित्येक वर्षं त्याच्या पत्त्याची सुरुवातच तीन एक्स अक्षरांनी होत असे. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधल्या त्याच्या भारतीय प्रतीच्या पत्त्यातही तीच तीन अक्षरं होती. 'नावात ट्रिपल-एक्स दिसलं की अडव' असा नियम लावणाऱ्या फिल्टरने भौतिकशास्त्राचे निबंध अडवले असते. एसेक्स, ससेक्स, मिडलसेक्स या इंग्लंडमधल्या जागांच्या नावांत 'सेक्स' आहे, आणि स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'सहा' असाही होतो. रोमन आकड्यांत ट्रिपल-एक्स म्हणजे तीस.

यापेक्षा गंभीर प्रश्न आहे तो कुठला मजकूर 'तिकडचा' हे ठरवायचं कुणी. मराठी वाचकाला याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ ते १९५३ चाललं. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर ते उघडपणे लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. आज ते मासिक ऑनलाइन असतं आणि सक्तीचं एक्स्टेन्शन असतं, तर ते कुठे टाकलं गेलं असतं हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. पाळी, गर्भनिरोधक, एचआयव्ही, स्तनांची स्वतः तपासणी यांवर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाचा हाच प्रश्न आहे. आणि या माहितीची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच असते, ज्यांच्या नेटवर अशी सरसकट अडवणूक असते.

म्हणून खूण पत्त्यावर नको, पानावर हवी. ती सोय आहे. प्रौढ मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी २००६ पासून आरटीए नावाचं लेबल आहे: पानाच्या हेडमध्ये 'रेटिंग' नावाचा मेटा टॅग आणि त्यात 'आरटीए-५०४२-१९९६-१४००-१५७७-आरटीए' ही एकच ठरलेली ओळ. सर्व्हरच्या हेडरमधूनही ती पाठवता येते. ती मोफत आहे, नोंदणी लागत नाही, आणि पान कुठल्याही नावाखाली उघडलं तरी सोबत जाते. गूगलचं सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी सोय, ही ओळ ओळखतं. त्याच टॅगमध्ये नुसतं 'ॲडल्ट' लिहिलेलंही चालतं. दोष एकच: जो लावेल त्याच्यापुरतीच ती काम करते.

आरोग्यविषयक संकेतस्थळवाल्यांनी हे लेबल सगळ्या पानांवर लावू नये. एकाच विभागात उघड छायाचित्रं असतील तर तो विभाग वेगळ्या सबडोमेनवर हलवा आणि लेबल तेवढ्यालाच लावा. गूगलही असा मजकूर वेगळा ठेवायला सुचवतं. स्वतःच्या नावाखाली स्वतः आखलेली ही भिंत दुसऱ्याने लादलेल्या एक्स्टेन्शनपेक्षा फार वेगळी आहे.

संस्थेने आपल्या नावाचं डॉट ट्रिपल-एक्स घ्यावं का?

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण खर्चाचं मूळ त्यात आहे. आयसीएम रजिस्ट्री या कंपनीने हे एक्स्टेन्शन चालवायला २००० पासून मागितलं होतं (रजिस्ट्री म्हणजे एक्स्टेन्शन चालवणारी कंपनी). इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००५ मध्ये बोलणी सुरू करायला होकार दिला, २००६ मध्ये आणि पुन्हा मार्च २००७ मध्ये नकार दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये स्वतंत्र परीक्षण मंडळाने २ विरुद्ध १ असा आयसीएमच्या बाजूने कौल दिला आणि १८ मार्च २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीत मंजुरी मिळाली. या सगळ्या काळात अमेरिकेतल्या धार्मिक संघटना आणि प्रौढ मनोरंजनाच्या धंद्यातली फ्री स्पीच कोॲलिशन, दोघांचाही विरोध होता. धार्मिक गटांना हे मान्यतेचं प्रमाणपत्र वाटत होतं, धंद्याला आपल्याभोवती कुंपण घातलं जाण्याची भीती होती.

घाऊक दर ठरला वर्षाला ६० डॉलर, त्या वेळच्या डॉट कॉमच्या सुमारे आठपट. सर्वांसाठी विक्री ६ डिसेंबर २०११ ला सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धंद्याबाहेरच्या ट्रेडमार्कधारकांना आपलं नाव दहा वर्षांसाठी अडवून ठेवायची संधी दिली होती, अर्थात पैसे घेऊन. म्हणजे ज्यांचा या विषयाशी काडीचा संबंध नाही, त्यांनी त्यात नाव नसावं म्हणून पैसे मोजायचे. कॅन्सस विद्यापीठाने काही हजार डॉलर खर्चून अशी नावं घेतली. त्यात विद्यापीठाच्या आद्याक्षरांना 'गर्ल्स' आणि 'नर्सेस' हे शब्द जोडलेली नावं होती. यातच या उपायाची मर्यादा दिसते. दोन जोड घेतले तरी दोन हजार शिल्लक राहतात. २०१५ मध्ये डॉट पॉर्न आणि डॉट ॲडल्ट आले, पुढे डॉट सेक्सही. आणि २०११ चे ते दहा वर्षांचे अडसर डिसेंबर २०२१ मध्ये संपले.

आमचं मत स्पष्ट आहे: गावातल्या शाळेने, पतसंस्थेने, सार्वजनिक वाचनालयाने यावर एक रुपयाही घालू नये. नाव अगदी वेगळं, देशभर ओळखीचं आणि ट्रेडमार्क नोंदवलेलं असेल, तर 'ॲडल्टब्लॉक' या सेवेचा विचार करता येतो. तिच्यात एकाच शुल्कात वरची चारही एक्स्टेन्शनं अडतात; 'प्लस' प्रकारात दिसायला सारख्या अक्षरांची रूपंही येतात. आधीच कुणी घेतलेलं नाव मात्र याने सुटत नाही, आणि मागेपुढे शब्द जोडलेली नावं मोकळीच राहतात. दर रजिस्ट्रारागणिक बदलतो, म्हणून किमान दोघांकडून विचारा.

कुणी तुमच्या ट्रेडमार्कचं नाव घेतलंच, तर यूडीआरपी नावाची तक्रार प्रक्रिया आहे. तीन गोष्टी तिन्ही सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या चिन्हाशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरलं आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच नावांसाठी, एकाच पंचापुढे, शुल्क १,५०० डॉलर. निकाल साधारण दोन महिन्यांत. मिळतं काय, तर नाव तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई मिळत नाही. तक्रार करण्याआधी पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट आणि नोंदणीची हूइज माहिती जपून ठेवा, कारण नोटीस पोचताच पान बदलतं.

खरा धोका: आपलंच नाव निसटणं

संस्थांची अब्रू जाते ती बहुधा नूतनीकरण चुकल्यामुळे. नाव ज्या शिक्षकाच्या ईमेलवर घेतलं ते निवृत्त झाले, स्मरणपत्रं त्या बंद खात्यात पडत राहिली, नाव सुटलं, कुणीतरी उचललं आणि त्यावर जुगार किंवा अश्लील मजकूर टाकला. जुन्या नावाला वर्षानुवर्षं मिळालेले दुवे असतात, म्हणूनच अशी नावं उचलली जातात. फलकावरचा क्यूआर कोड, छापील माहितीपत्रक, जिल्हा परिषदेच्या यादीतला दुवा, सगळं मुलांना थेट तिकडे नेतं. यात डॉट ट्रिपल-एक्सचा संबंधच येत नाही, आणि ते अडवून काही फरकही पडत नाही.

डॉट कॉमसारख्या नावांचं वेळापत्रक पाठ असू द्या. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीआधी सुमारे एक महिना, मग सुमारे एक आठवडा, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत पुन्हा एकदा कळवायचं असतं. मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असू शकतो, पण तो रजिस्ट्रारच्या मर्जीवर. बरेच जण त्याच काळात नाव लिलावात काढतात. नाव रजिस्ट्रारने सोडलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात परत घ्यायला जबर दंड. शेवटी ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', त्यात काहीच करता येत नाही.

आज करायची कामं: नाव संस्थेच्या नावावर आहे की वेब डिझायनरच्या, ते बघा. संपर्क ईमेल कुणा व्यक्तीचा नको, आणि त्याच डोमेनवरचाही नको. नाव बंद पडलं की त्यावरची मेलही बंद पडते. मुख्याध्यापक आणि कार्यालय दोघांनाही पोचेल असा सामायिक पत्ता द्या. नाव परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलू न देणारा ट्रान्सफर लॉक लावा. शक्य तेवढ्या वर्षांचे पैसे एकदम भरा, कमाल मर्यादा दहा वर्षं. ऑटो-रिन्यूवर एकट्यावर विसंबू नका, कार्डाची मुदत त्याआधी संपते. संस्थेचं नाव बदललं तरी जुनं डोमेन सोडू नका. फलकाच्या खर्चापुढे त्याचा वार्षिक खर्च काहीच नाही.

वर्षातून दोनदा डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी छापून घ्या आणि एकेक ओळ विचारा: ही कुठे जाते, ते अजून आपलं आहे का? 'प्रवेश' किंवा 'निकाल' असं सबडोमेन एखाद्या क्लाउड सेवेकडे वळवलेलं असतं, सेवा बंद होते, नोंद तशीच राहते. त्या सेवेवर तीच जागा दुसऱ्याने घेतली की तुमच्याच नावाखाली तो हवं ते दाखवतो. अशी लोंबकळणारी नोंद ताबडतोब पुसा.

भारतातला कायदा एक्स्टेन्शन बघत नाही

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसारित करण्याबद्दल आहे, ६७अ लैंगिक कृतीच्या उघड चित्रणाबद्दल, ६७ब मुलांबद्दल. यांपैकी कुठेही 'अमुक एक्स्टेन्शनवर असेल तर चालेल' असं म्हटलेलं नाही. रजिस्ट्रीने नाव दिलं म्हणजे भारतात परवानगी मिळाली असं समजून कुणी फसू नये.

नावांची यादी करून अडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जुलै २०१५ च्या शेवटी दूरसंचार विभागाने ८५७ पत्त्यांची यादी सेवादात्यांना पाठवली. त्यात विनोदी संकेतस्थळंही आली होती, आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आदेश सैल करावा लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळं अडवायला सांगितलं गेलं. त्यातल्या एका बड्या संकेतस्थळाने काही दिवसांतच पत्त्याचा शेवटचा भाग बदलला आणि काम चालू ठेवलं. त्यासाठी लागली ती डीएनएसमधली एक नवी नोंद.

शाळेत, वाचनालयात, घरी: प्रत्यक्ष फिल्टर

चारही एक्स्टेन्शनं अडवायला हरकत नाही. नियम फुकट आहे. पाय-होल हा आपल्याच नेटवर्कवर चालणारा डीएनएस फिल्टर वापरत असाल तर नियम 'नावाच्या शेवटी' असा बांधा, रेगेक्समध्ये, म्हणजे नमुना लिहिण्याच्या खुणांमध्ये, शेवटी डॉलरचं चिन्ह. 'नावात कुठेही' असा बांधलात तर वरचा अरकाइव्हचा घोळ होतो. पण याला सुरुवातीचा एक टक्का समजा. खरं काम वर्गवारी करणाऱ्या डीएनएसने होतं:

१. राउटरच्या पानावर जा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आधीचे डीएनएस आकडे लिहून ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड मूळचाच असेल तर आत्ताच बदला, नाहीतर मुलं हेच पान उघडून सगळं परत फिरवतात.

२. वॅन किंवा इंटरनेट विभागात डीएनएस स्वतः भरा. फायबरच्या सेवादात्याने दिलेल्या डब्यात हा भाग कुलूपबंद असेल तर लॅनच्या डीएचसीपी विभागात भरा. क्लाउडफ्लेअरचे कुटुंबासाठीचे आकडे १.१.१.३ आणि १.०.०.३. लहान वर्गांसाठी अधिक कडक क्लीनब्राउझिंग फॅमिली: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. हे सर्चलाही सुरक्षित मोडमध्ये ठेवतं आणि प्रॉक्सीही अडवतं.

३. दोन्ही रकाने एकाच सेवेचे भरा. दुसऱ्या रकान्यात 'असू दे' म्हणून ८.८.८.८ टाकलं की फिल्टर गळतो, कारण उपकरण कुठल्याही वेळी कुठलाही रकाना वापरतं. कुणालाच कळत नाही अशी ही चूक.

४. आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, बघा. सेवादाता त्या मार्गाने स्वतःचा डीएनएस देत असेल तर आयपीव्ही४ मध्ये केलेलं सगळं वाया. तिथेही त्याच सेवेचे आयपीव्ही६ आकडे भरा. राउटर भरू देत नसेल तर लॅनवर आयपीव्ही६ बंद करा.

५. राउटर बंद-चालू करा, संगणकावर डीएनएसची कॅश पुसा. तपासायला खरं अश्लील संकेतस्थळ उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरचे आकडे भरले असतील तर त्यांनी यासाठीच 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' ठेवलं आहे. एनएसलुकअप या कमांडने त्याचा आयपी विचारा, उत्तर ०.०.०.० आलं की फिल्टर चालू.

यानंतर पळवाटा. अँड्रॉइडमधली 'प्रायव्हेट डीएनएस' सेटिंग राउटरला वळसा घालते. शाळेच्या टॅबवर तिथेच 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' हे नाव भरून टाका. ब्राउझर स्वतःचा कूटबद्ध डीएनएस वापरू शकतात. फायरफॉक्स 'यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट' या नावाची चौकशी करतो. तुमच्या डीएनएसने 'असं नाव नाही' असं उत्तर दिलं तर तो आपोआप सुरू होणारं कूटबद्धीकरण थांबवतो. मुलाने हाताने सुरू केलं असेल तर थांबत नाही. राउटर परवानगी देत असेल तर बाहेर जाणारे ५३ आणि ८५३ हे पोर्ट, फिल्टरचा डीएनएस सोडून, बंद करा. व्हीपीएन यातूनही जातो. मोबाइल डेटाला तुमचा राउटर लागतच नाही. तिथे फोनवरच सेटिंग करावी लागते.

सर्च वेगळं सांभाळा. इमेज सर्चमधली छोटी चित्रं सर्च इंजिनच्याच पत्त्यावरून येतात, मूळ संकेतस्थळ अडवलं तरी दिसतात. तुमच्या स्थानिक डीएनएसमध्ये गूगलची नावं, डॉट कॉम आणि डॉट को डॉट इन दोन्ही, 'फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉम'कडे वळवा, म्हणजे २१६.२३९.३८.१२०. बिंगसाठी 'स्ट्रिक्ट डॉट बिंग डॉट कॉम'.

आणि व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरून जे येतं त्याला तर अडवता येईल असं स्वतःचं वेगळं डोमेनच नसतं. ते ॲपच्या आतून, कूटबद्ध होऊन येतं. त्यासाठी फिल्टर नाही. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करणं आणि 'मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं' हे फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवणं, एवढं मुलाच्या शेजारी बसून करा.

पहिली ते चौथीसाठी उलटी पद्धत

एवढ्या लहान मुलांच्या संगणकखोलीत अडवायची यादी करूच नका, उघडायची यादी करा. अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून डॉट यूएसखाली मुलांसाठी वेगळी जागा काढली होती. तिथे बाहेरचे दुवे आणि परस्पर संवाद यांना बंदी होती. फारशी संकेतस्थळं आलीच नाहीत, आणि २०१२ मध्ये ती थांबवली गेली. शाळेची स्वतःची यादी मात्र चालते, कारण ती त्या वर्गाच्या अभ्यासातून येते आणि ती बदलणारा माणूस त्याच इमारतीत असतो.

तीस-चाळीस नावांपासून सुरुवात करा: बालभारती, दीक्षा, मराठी विश्वकोश, विकिपीडिया, शिक्षकांनी सुचवलेली बाकीची. पहिल्या दिवशी अर्धी पानं मोडकी दिसतील. याचं कारण चित्रं, फॉन्ट आणि व्हिडिओ दुसऱ्याच नावांवरून येतात. विकिपीडियाची चित्रं विकिमीडियाच्या पत्त्यावरून येतात, तो पत्ताही यादीत हवा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कचा भाग उघडा, पान पुन्हा लोड करा. लाल दिसणारी नावं टिपून घ्या आणि ज्यांची खरंच गरज आहे तेवढीच यादीत टाका. संगणकाच्या घड्याळाचा वेळ-सर्व्हर आणि अँटिव्हायरस-विंडोज अपडेटची नावं विसरू नका, नाहीतर महिन्याभरात घड्याळं चुकतात आणि प्रमाणपत्रांच्या चुका येऊ लागतात. शिक्षकांसाठी एक वही ठेवा: कुठलं नाव, कुठल्या धड्यासाठी, कुणी मागितलं, कधी उघडलं. दर सत्राच्या सुरुवातीला त्या वहीतलं प्रत्येक नाव स्वतः उघडून बघा, कारण मधल्या काळात एखाद्याची मुदत संपून ते दुसऱ्याच्या हाती गेलेलं असू शकतं.